दरवर्षीचंच आहे

आमच्याकडं उतारा म्हटलं की सातबारा. त्या कागदावर परभणी जिल्ह्यातल्या कास्तकाराची नजर घारीसारखी असते. शेजाऱ्याच्या बांधाला अर्धा गुंठा जास्त लागला, विहिरीतला हिस्सा लिहायचा राहिला, की तो तलाठ्याच्या मागं लागतो, तहसीलला जातो, दोन-दोन पिढ्या अपिलं चालवतो. उतारा बँकेतही असतो. तो मात्र त्यानं आयुष्यात कधी मागितलेला नसतो. पासबुकावर आकडा कमी दिसला तर "कापले असतील कशाचे तरी" म्हणतो आणि पासबुक बंडीच्या खिशात परत ठेवतो. जमीन आपली आणि बँक सरकारची, असं काहीतरी मनात पक्कं बसलेलं आहे. सरकारनं कापलं तर विचारायचं कुणाला?

मी चौतीस वर्षं त्या काउंटरच्या आत होते. 1986 ला कारकून म्हणून लागले, जिंतूर, पालम, सोनपेठ करत करत अधिकारी झाले आणि 2020 ला परभणीतून निवृत्त झाले. बँकेचं नाव लिहीत नाही. लिहून काय सांगायचं, या बाबतीत बँकाबँकांत तसा फरक नाही. लॉकडाऊन संपल्यावर भाच्याच्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन बसायला लागले. घरी करमत नाही, एवढंच कारण. दुकान कचेरीच्या वाटेवर आहे. कुणी फॉर्म भरून मागितला, कुणी नोटीस वाचून मागितली, आणि सहा महिन्यांत "झेरॉक्सवर बँकेच्या बाई बसतात" अशी ओळख झाली. पैसे घेत नाही. चहा घेते, साखर कमी.

लक्षात राहिलेलं पहिलं काम 354 रुपयांचं होतं. पूर्णा तालुक्यातल्या एक मावशी, नवरा गेलेला, संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याला 1,500 येतात. 2024 च्या उन्हाळ्यात त्यांच्या हातात 1,146 पडले. बँकमित्र म्हणाला, "मला काय म्हाईत, मशीन येवढेच दाखवतंय." पासबुक छापून आणायला सांगितलं. तीन ओळी निघाल्या, प्रत्येकी 118 रुपये, किमान शिल्लक न ठेवल्याचा दंड. खात्यात काहीच नव्हतं, म्हणून शिल्लक उण्यात गेली, आणि अनुदान जमा झाल्याबरोबर बँकेनं आपले आधी उचलले. मुळात हे जनधनचं शून्य शिलकीचं खातं. मधे बचत गटाच्या कर्जाच्या वेळी कुणीतरी ते साधं बचत खातं करून टाकलेलं. मावशींना त्याचा पत्ता नव्हता, आणि शाखेलाही कुणी का केलं ते सांगता आलं नाही.

रिझर्व्ह बँकेनं नोव्हेंबर 2014 मध्ये काढलेलं परिपत्रक मला पाठ होतं, कारण एके काळी ते मीच फाइलला लावलं होतं. शिल्लक कमी पडली तर आधी ग्राहकाला कळवायचं, महिनाभर वाट बघायची, दंड तुटीच्या प्रमाणात लावायचा, आणि निव्वळ त्या दंडापायी खातं उण्यात जाऊ द्यायचं नाही. 1 एप्रिल 2015 पासून लागू. मी एका पानाचा अर्ज लिहिला, परिपत्रकाची तारीख टाकली, दोन प्रती काढल्या. एक द्यायची, दुसरीवर शिक्का मारून आणायचा. मावशी एकट्याच गेल्या. आठ दिवसांत पैसे परत. लढाई म्हणावी असं काही घडलंच नाही. शाखेत कुणी वाईट वागलं नाही, "सिस्टीमनं कापले होते" एवढंच म्हणाले. 354 रुपये म्हणजे मावशींची निंदणीची एक दिवसाची मजुरी, वर थोडे.

ही "सिस्टीम" गरिबाच्याच खिशात किती सहज जाते याचा हिशेब आयआयटी मुंबईचे प्राध्यापक आशिष दास यांनी मांडला होता. शून्य शिलकीच्या खात्यांवर महिन्यात चारपेक्षा जास्त व्यवहार झाले की प्रत्येकाला 17 रुपये 70 पैसे, असे देशातल्या सर्वांत मोठ्या बँकेनं 2015 ते 2020 या काळात 300 कोटींहून जास्त गोळा केले. 15 रुपये शुल्क आणि त्यावर 18 टक्के जीएसटी. सतरा रुपये सत्तर पैशांसाठी कोण भांडायला जाणार? तीनशे कोटी जमतात ते तसेच.

पण शुल्काचं प्रकरण हे बोट बुडेल एवढं पाणी. खोल पाणी कर्जखात्यात असतं.

नोव्हेंबर 2024 मध्ये मानवत तालुक्यातले एक मामा आले. पावणेतीन एकर जमीन, कापूस आणि सोयाबीन. सप्टेंबरच्या सुरुवातीला जो पाऊस झाला त्यात दोन्ही गेलेलं. हातात वकिलाची नोटीस, 1 लाख 2 हजार 400 रुपये पंधरा दिवसांत भरा. सोबत मेडिकलची प्लॅस्टिकची पिशवी, तीत कागद कोंबलेले.

"मामा, कर्ज किती घेतलं होतं?"

"साठ हजार."

"कधी?"

"कर्जमाफी झाल्यावर, दुसऱ्या वर्साला. त्याच्या मागून घेतलंच न्हाई बाई म्या. फकस्त सह्या केल्या."

2017 च्या योजनेत त्यांचं जुनं कर्ज माफ झालं होतं. हे नवं जून 2019 चं. नंतर आलेल्या महात्मा फुले कर्जमाफी योजनेची रेघ 31 मार्च 2019 ला ओढलेली होती. तीन महिन्यांनी हुकलं. गावातल्या निम्म्या लोकांचं फिटलं, यांचं राहिलं, आणि त्यात यांचा दोष एवढाच की त्यांनी जुन्यात गुंतून न राहता वेळेवर नवं काढलं.

मी म्हटलं, आधी कर्जखात्याचा उतारा आणा. पहिल्या दिवसापासूनचा, बचत खात्याचा नव्हे. ते तीनदा जाऊन हात हलवत आले. एकदा प्रिंटर बंद, एकदा साहेब मीटिंगला, एकदा बचत खात्याचाच हातात दिला. चौथ्यांदा लेखी अर्ज देऊन पोच घेतली, तेव्हा दुपारपर्यंत मिळाला. एक नाही, तीन उतारे निघाले. कारण खाती तीन होती.

ज्यांना शेतीकर्जाची माहिती नाही त्यांच्यासाठी इथं थांबलं पाहिजे. आमच्याकडं याला "नवं-जुनं" म्हणतात. पीककर्ज वर्षाचं असतं. मुदत संपली, पीक हाती नाही, पैसे नाहीत. मग बँक जुनं खातं कागदावर फेडते आणि त्याच दिवशी नवं कर्ज कागदावर देते. शेतकऱ्याच्या हाती रुपया येत नाही, त्याच्याकडून जातो तो फक्त सह्यांचा गठ्ठा. शाखेचं खातं थकीत दिसत नाही, मॅनेजरचा मार्च सुटतो, शेतकऱ्यालाही नव्या वर्षाच्या सवलतीच्या व्याजात बसता येतं. सगळ्यांचं भागतं असं वाटतं. फक्त एक होतं, जुनं व्याज गुपचूप नव्या मुद्दलात जाऊन बसतं, आणि पुढच्या वर्षीपासून त्या व्याजाला व्याज लागतं.

मामांचे साठ हजार मार्च 2021 मध्ये 72 हजार झाले. मार्च 2023 मध्ये 87 हजार. त्यातलं पाण्यात किती, पिकात किती, घरात किती, विचाराल तर उत्तर एकच, घेतलेले साठ.

हिंदू कायद्यात दामदुपटीचा जुना नियम आहे, थकलेलं व्याज मुद्दलापेक्षा जास्त मागता येत नाही. सावकारांना आजही राज्याच्या 2014 च्या कायद्यानं तो लागू आहे. बँकांना तो लागत नाही. पण रिझर्व्ह बँकेनं बँकांना त्याच धर्तीची सूचना दिलेली आहे, अल्पभूधारकाच्या अल्पमुदतीच्या शेतीकर्जात एकूण व्याज मुद्दलाहून वाढू देऊ नका. चांगली सूचना आहे. नवं-जुनं झालं की ती निकामी, कारण मुद्दलच वाढलेलं असतं. 1994 मध्ये कर्नाटकातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की शेतीकर्जावर तिमाही किंवा सहामाही चक्रवाढ व्याज लावायचं नाही, शेतकऱ्याचं पीक वर्षात येतं, हिशेबही वर्षाचाच हवा. तो निकाल आम्हाला प्रशिक्षणात शिकवला होता. नवं-जुनं कसं करायचं ते मात्र शाखेत शिकले.

ते तीन उतारे टेबलावर पसरले तेव्हा मला मामांच्या आधी स्वतःची एक दुपार आठवली. साल 1999 असेल, शाखा सांगायची गरज नाही. मार्च महिना, आम्ही जीप घेऊन गावोगाव फिरत होतो. कर्जाला तीन वर्षं होत आली आणि त्याआधी कर्जदाराची लेखी कबुली घेतली नाही, तर मुदतीच्या कायद्यानं बँकेला दावाच लावता येत नाही. म्हणून त्या कबुलीपत्रावर सह्या घ्यायच्या. त्याला आम्ही रिव्हायव्हल लेटर म्हणायचो. सही झाली की मरणाला टेकलेला दावा आणखी तीन वर्षांसाठी जिवंत. एका म्हाताऱ्यानं अंगठ्याला शाई लावताना विचारलं होतं, "बाई, हे कशाचं हाय?" मी म्हणाले, "दरवर्षीचंच आहे, मामा."

खोटं नव्हतं ते. दरवर्षीचंच होतं. पण त्यानं जे विचारलं त्याचं ते उत्तरही नव्हतं. त्या कागदाच्या तळाशी छापलेलं असतं, वरील मजकूर मला माझ्या भाषेत वाचून समजावून सांगितला आहे. त्याखाली अंगठा. मजकूर इंग्रजीत, समजावणारी मी, आणि बाहेर जीपचा ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. चौतीस वर्षांत किती अंगठे घेतले याची मोजदाद नाही. मला कुणी दुष्ट म्हणणार नाही, गावातल्या बायका तर माझ्याकडून लोणच्याचा मसाला मागून न्यायच्या. तरी बँकेचं जे काही अन्याय्य म्हणता येईल ते या एका वाक्यावर उभं आहे असं मला आता वाटतं. दरवर्षीचंच आहे. सगळ्यांचंच असतं. सही करा, मागं लोक उभे आहेत.

मामांच्या पिशवीत एक पावती होती, फेब्रुवारी 2022 ची, 15 हजार रुपये रोख भरल्याची. शिक्का, कॅशियरची सही, सगळं. बैल विकून भरले होते. "एक विकला म्हून दुसराबी विकावा लागला," एवढंच म्हणाले. तिन्ही उताऱ्यांत ते पंधरा हजार कुठंच नव्हते.

या कामात मजा असलीच तर ती अशा वेळी येते, आणि मी कबूल करते की मला ती आली. पावतीवरचा खाते क्रमांक बघितला, तो पहिल्या कर्जाचा. म्हणजे मार्च 2021 ला जे खातं कागदावर बंद झालं त्याचा. मामांना नवा क्रमांक कुणी सांगितलाच नव्हता. त्यांनी स्लिप लिहून देणाऱ्या पोराला जुनं पासबुक दाखवलं. कॅशियरनं क्रमांक टाकला असेल, खातं बंद दिसलं असेल, रांग मोठी, मग नावानं शोधलं असेल. मामांच्या गावात त्याच नावाचा, त्याच आडनावाचा दुसरा एक कर्जदार आहे, फक्त वडिलांचं नाव वेगळं. पैसे तिकडं गेले असणार. मला दुसऱ्याचं खातं बघायचा अधिकार आता नाही, पण तीस वर्षं कॅश टॅली केलेल्या माणसाला अंदाज येतो. बैलाचे पैसे चुलतभावकीतल्या माणसाचं कर्ज फेडून मोकळे झाले होते.

अर्ज लिहिला. मुद्दे चार. पंधरा हजार कुठं गेले ते दाखवा आणि भरल्याच्या तारखेपासून जमा धरा. तपासणी आणि लेजर फोलिओचं शुल्क परत करा, कारण 3 लाखांपर्यंतच्या किसान क्रेडिट कार्डाला हे शुल्क लावू नका असं बँकांच्याच संघटनेनं फेब्रुवारी 2019 मध्ये सांगितलेलं आहे. 2021 च्या खरिपात पीकविम्याचा हप्ता खात्यातून कापला, त्याच पिकाचा मामांनी सेतूवर आधीच भरला होता, तोही परत करा. (विमा 2020 पासून ऐच्छिक झाला, पण कर्जदाराला नको असेल तर मुदतीच्या सात दिवस आधी त्यानंच लिहून द्यायचं. द्यायचं असतं हे ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी तो ऐच्छिक कसला?) आणि चौथा मुद्दा, दोन्ही वेळच्या नवं-जुन्यात किती व्याज मुद्दलात मिसळलं त्याचा तक्ता द्या.

मॅनेजरला मी स्वतः भेटले. तिशीच्या आतला मुलगा, आंध्रकडचा, हिंदी जेमतेम, मराठी शून्य. तीन वर्षांत तिसरी शाखा. टेबलावर विमा विकण्याचं टार्गेट चिकटवलेलं. शाखेत सहा जणांचं काम तिघांवर. मला त्याचा राग येईना. त्यानं अर्ज चाळला आणि म्हणाला, "मॅडम, ये सब रिन्यूअल तो रूटीन है।" तेच वाक्य, हिंदीत. मी म्हटलं, "ते बरोबर आहे, पण पोच द्या." त्यानं शिक्का मारला. 2 डिसेंबर 2024.

तारखेला महत्त्व होतं. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जायचं तर आधी बँकेकडं लेखी तक्रार हवी, आणि ती मूळ व्यवहाराची दाव्याची मुदत संपायच्या आत. पंधरा हजारांना तीन वर्षं भरायला अडीच महिने उरले होते. बँकेला उत्तराला 30 दिवस. उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर तेव्हाच्या नियमानं वर्षाच्या आत लोकपालाकडं. 2021 पासून सगळ्या देशाच्या तक्रारी एकाच ठिकाणी जमा होतात, चंदीगडला. फी नाही. वकील लावायचा नाही, किंबहुना वकिलामार्फत केलेली तक्रार ते घेतच नाहीत. पोस्टानं पाठवता येते, संगणकावरून करता येते, 14448 वर मराठीत विचारता येतं.

"चंदीगडला जावं लागंल का?" मामांनी विचारलं.

"नाही मामा, कागद जाईल."

"मंग बरं. तिकडं लई थंडी असती म्हणं."

जानेवारीत कागद गेला.

मधल्या काळात मामांच्या मनात एकच भीती, लोकअदालतीची. बँका वसुलीसाठी दावा लावायच्या आधीच लोकअदालतीच्या नोटिसा पाठवतात. लोकांना वाटतं कोर्टानं बोलावलंय, आता पोलीस येणार. तसं काही नसतं. तडजोड दोघांच्या मर्जीची असते. पण तिथं एकदा सही केली की तो हुकूमनामा, त्यावर अपील नाही. रक्कमच वादात असताना तिथं जाऊन हप्ते बांधून घेणं म्हणजे दुसऱ्याच्या मोजणीनं आपला बांध रोवणं. मामांना तेवढं बरोबर कळलं.

या दिवसांत मला सारखी सुप्याची आठवण यायची. मे 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले, दंगा पुण्या-नगरच्या गावांत पसरला. आम्ही शाळेत "दख्खनचे दंगे" म्हणून दोन ओळींत शिकलो. त्यातून 1879 चा जो कायदा आला, त्यातली खरी गोष्ट शाळेत कुणी सांगितली नाही. त्या कायद्यानं न्यायाधीशाला रोख्याच्या मागं जायची मुभा दिली. रोख्यावर पाचशे लिहिलंय म्हणून पाचशे नव्हेत, पहिल्या दिवसापासून हिशेब काढा, खरं किती दिलं आणि खरं किती आलं ते बघा. तेव्हाही सावकार जुना रोखा फाडून व्याजासकट नवा लिहून घ्यायचे. म्हणजे नवं-जुनंच. आमचा मराठवाडा निजामाकडं, त्यामुळं तो कायदा इथं आलाच नाही. आणि बँकांच्या बाबतीत 1984 मध्ये बँकिंग नियमन कायद्यात कलम 21 अ घालून उलटं केलं, व्याज जास्त आहे एवढ्याच कारणावरून न्यायालयानं बँकेचा व्यवहार पुन्हा उघडायचा नाही. साहेबाच्या न्यायाधीशाला रोख्याच्या मागं जाता येत होतं, आपल्याला येत नाही. मी कायद्याची पदवीधर नाही, पण मला हे उफराटं वाटतं.

आणि आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण हवं असेल तर गंगाखेडचं आहे. तिथल्या एका खासगी साखर कारखान्याच्या प्रकरणात, ऊसतोडणी आणि वाहतुकीच्या योजनेखाली शेतकऱ्यांच्या नावावर वेगवेगळ्या बँकांतून परस्पर कर्जं उचलली गेल्याचा आरोप झाला. आकडा सुमारे 328 कोटींचा. शेतकऱ्यांना कळलं ते बँकांच्या नोटिसा दारात आल्यावर. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेल्यावर 2017 मध्ये गुन्हा नोंदला गेला. कोण दोषी ते ठरवणं न्यायालयाचं काम. मला त्यातली एकच गोष्ट टोचते, एवढी माणसं, एवढ्या शाखा, आणि नोटीस निघेपर्यंत एकाही कर्जदाराला एकही उतारा पोचला नाही? वर्षातून एकदा कर्जखात्याचं विवरण घरी गेलं असतं तर पहिल्याच वर्षी गावात बोंब झाली असती.

एप्रिल 2025 मध्ये बँकेचं पत्र आलं. इंग्रजीत, दोन पानी. पंधरा हजार "अनवधानानं अन्य खात्यात" जमा झाले होते, ते फेब्रुवारी 2022 च्या तारखेनं मामांच्या खात्यात फिरवले, त्यावरचं व्याज वजा केलं. शुल्कं आणि विम्याचा हप्ता मिळून तीन हजारांवर परत. देय रक्कम 80 हजारांच्या आसपास आली. चौथ्या मुद्द्यावर लिहिलं होतं, कर्जाचं नूतनीकरण कर्जदाराच्या संमतीनं व सहीनं झालेलं आहे. सोबत सह्यांच्या प्रती. लोकपालाच्या कार्यालयानंही तक्रार तिथं बंद केली, नूतनीकरण हा बँकेचा व्यावसायिक निर्णय, आमच्या कक्षेत येत नाही.

मामांच्या सह्या मी बघितल्या. वळणदार, शाळेत घोटून घेतलेली असावी तशी. खाली तेच छापील वाक्य, मला माझ्या भाषेत वाचून समजावून सांगितलं आहे.

बावीस हजार वाचले म्हणून मामांनी पेढे आणले. मला ते घशाखाली उतरायला जड गेले, पण खाल्ले. त्यांच्या लेखी आपण जिंकलो होतो आणि त्यांना तसं वाटू नये असं सांगणारी मी कोण? ग्राहक आयोगात जाता आलं असतं. तिथं पाच लाखांच्या आतल्या प्रकरणाला फी नाही. पण तारखा पडतात, मानवतहून परभणीला येण्यात मजुरीचा दिवस जातो. मामा म्हणाले, "आता बास बाई. आता पेरणी बघू द्या."

सिबिलचंही करून घेतलं. नोंद 30 दिवसांत दुरुस्त झाली नाही तर दिवसाला 100 रुपये भरपाई द्यावी लागते, हा नियम एप्रिल 2024 पासून आहे, त्यामुळं ते काम मुदतीत झालं. आश्चर्य वाटायला नको, स्वतःच्या खिशातून जायची वेळ आली की सिस्टीमही हलते.

एक सांगायचं राहिलं. पोळ्यानंतरच्या आठवड्यात दुकानात एक गृहस्थ आले. गाव मानवत तालुक्यातलं. नाव ऐकून मी चष्मा काढला. नाव-आडनाव मामांचंच, वडिलांचं नाव वेगळं. हातात बँकेचं पत्र. फेब्रुवारी 2022 मध्ये चुकून जमा झालेले 15 हजार वळते करून घेतले आहेत, सबब आपलं कर्जखातं पुन्हा थकीत झालं असून त्या तारखेपासूनच्या व्याजासह रक्कम भरावी. चूक बँकेच्या कॅशियरची, व्याज यांना. त्यांच्याकडं बेबाकी प्रमाणपत्र होतं, शिक्क्यानिशी, 2022 चं.

"मॅडम, साहेब म्हणले, सही करून जा, दरवर्सीचंच हाय. म्या म्हणलं, आधी बाईला दाखवतो."

सही केलेली नव्हती. मी भाच्याला कागद द्यायला सांगितला आणि त्यांचा अर्ज लिहायला घेतला.